गाडीघर : नळाला गुलाबी पाणी येईपर्यंत

ट्रेलर, कॅम्पर, मोटरहोम अशा चाकांवरच्या घरांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांचं हे सदर. या वेळची सगळी पत्रं थंडीची आहेत. उत्तरं देणारी मी मिनेसोटात राहते, जन्मभर नोकरी केली ती बॉयलर आणि पाइपांची. २०१४ पासून आमच्याकडे २४ फुटी सेकंडहँड ट्रेलर आहे. तो ओढते मी, त्यातला स्वयंपाक हे करतात.

प्रश्न : ताई, जूनमध्ये आम्ही २२ फुटी जुना ट्रेलर घेतला. आधीचा मालक जाताना 'थंडीआधी विंटराइज करा' एवढंच म्हणाला. डीलर त्याचे दीडशे डॉलर मागतोय. मी पाण्याची टाकी रिकामी केली, आतले सगळे नळ उघडून ठेवले, आता थेंबही येत नाही. एवढं पुरेल ना? – एक वाचक, मॅडिसन, विस्कॉन्सिन

उत्तर : नाही पुरणार. नळाला पाणी येत नाही म्हणून पाइप रिकामे झाले असं समजू नका. ट्रेलरचे पाइप धड उताराचे नसतात. कपाटाखालून, चाकाच्या कमानीवरून, पलंगामागून वर-खाली फिरवलेले असतात आणि प्रत्येक खोलगट जागी वाटीभर पाणी बसून राहतं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. हल्लीच्या ट्रेलरमधला पेक्सचा, म्हणजे लवचिक प्लास्टिकचा, पाइप थोडा ताण सोसतो. फुटतात ती त्याच्या जोडीची माणसं : प्लास्टिकचे एल्बो (कोपऱ्याचे जोड) आणि टी (तीन तोंडांचे जोड), नळातलं कार्ट्रिज, पंपाचं डोकं, टॉयलेटमागचा व्हॉल्व्ह. म्हणजे नेमकं तेच, जिथे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आडवं पडावं लागतं.

विंटराइज करणं म्हणजे पाइपांतलं पाणी काढून त्याच्या जागी गुलाबी आरव्ही अँटीफ्रीझ भरणं, म्हणजे थंडीत काही फुटत नाही. ते घरी करा, दीडशे डॉलर वाचवा. पहिल्या वर्षी अख्खी दुपार जाईल, पुढच्या वर्षी दीड तास. आणि आपल्या ट्रेलरचं पाणी कुठून कुठे जातं हे एकदा स्वतः पाहिलेलं असलं की पुढे निम्म्या दुरुस्त्या घरच्या घरी होतात.

आधी डंप स्टेशनवर, म्हणजे सांडपाणी सोडायच्या जागी, टाक्या सोडा. ब्लॅक टँक (टॉयलेटची) पहिली, ग्रे (सिंक-शॉवरची) नंतर, म्हणजे भांड्यांच्या साबणपाण्याने होजही धुऊन निघतो.

मग गीझर. गॅस बंद, विजेचा ब्रेकर बंद, आणि रात्रभर थंड होऊ द्या. इथे घाई करायची नाही. आत ६ गॅलन म्हणजे २२-२३ लिटर पाणी दाबाखाली असतं, आणि ते गरम असताना बाहेरचं बूच काढलंत तर सगळं अंगावर येतं. आतला गरम पाण्याचा एक नळ उघडून दाब उतरवा, बाहेरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची पट्टी उचला, मगच पाना लावा. सबर्बन कंपनीचा गीझर असेल तर १ १/१६ इंची सॉकेट लागेल आणि बुचाबरोबर वीतभर लांब कांडी बाहेर येईल. हा ॲनोड. टाकीचं पोलाद गंजू नये म्हणून तो स्वतः गंजत राहतो. नवा असतो तेव्हा सरळ, गुळगुळीत. माझा गेल्या वर्षी निघाला तो उंदराने कुरतडलेल्या उसाच्या कांड्यासारखा, मधली तार उघडी पडलेली. तीन चतुर्थांश झिजला असेल तर नवा आणा आणि आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवा. ॲटवुडच्या ॲल्युमिनियमच्या टाकीत ही कांडी नसते, साधं प्लास्टिकचं बूच असतं. तिथे ॲनोड शोधत बसू नका. पाणी निघून गेलं की शेवटी पांढरट गाळ आणि चुन्याचे खडे पडतात. माझं माहेर इचलकरंजीचं. दिवाळीआधी आजी बंब चिंचेने घासायची, तेव्हा तो उलटा केला की अस्सेच खडे खळखळायचे.

आता ट्रेलरच्या पोटाखाली वाकून दोन लो-पॉइंट ड्रेन, म्हणजे पाइपांची सगळ्यांत खालची निचऱ्याची तोंडं, शोधा, एक गार पाण्याचा, एक गरम पाण्याचा. दोन्ही उघडा, वाहू द्या, पुन्हा लावा. पाण्याचा फिल्टर काढून टाका आणि त्याची डबी रिकामी करा.

मग बायपास. गीझरच्या मागच्या अंगाला, बहुधा पलंगाखाली किंवा कपाटातल्या फळीमागे, एक, दोन किंवा तीन छोटे व्हॉल्व्ह असतात. ते फिरवले की पाणी गीझरमध्ये न शिरता परस्पर गरम लाइनला जातं. हे विसरलात तर ६ गॅलन अँटीफ्रीझ गीझरच्या पोटात जाईल आणि नळाला काहीच येणार नाही. गीझरचं बूच मी या वेळी मुद्दाम काढूनच ठेवते. तिथून गुलाबी धार लागली की समजायचं, व्हॉल्व्ह उलटा फिरवलाय.

पंपाजवळ आखूड नळी आणि तिचा व्हॉल्व्ह असेल तर नळी कॅनमध्ये बुडवा. नसेल तर टाकीकडून पंपात येणारा पाइप सोडवून तिथे हातभर नळी लावा. पंप सुरू केला की आधी हवा खाऊन खडखडतो, मग एकदम आवाज जड होतो. अँटीफ्रीझ चढलं. आता पंपाच्या सगळ्यांत जवळच्या नळापासून निघा. आधी गार, मग गरम. नळ थुंकतो, फिकट पाणी सोडतो, मग गुलाब सरबतासारखा रंग येतो. फिकटावर समाधान मानू नका, गडद येऊ द्या. शॉवर, टॉयलेटचं पेडल, आणि लोक हमखास विसरतात तो बाहेरचा शॉवर. शेवटी पंप बंद करा, एक नळ उघडून दाब उतरवा आणि बाहेर जिथे कॅम्पग्राउंडचा होज जोडता तिथली जाळी काढून आतला चेक व्हॉल्व्ह काडीने हलकेच दाबा. गुलाबी ओघळ आला की झालं. सिंक, बेसिन आणि शॉवरच्या जाळीत प्रत्येकी कपभर अँटीफ्रीझ ओता, कारण खालच्या वाकड्या पाइपात पाणी कायमच उभं असतं. दोन्ही टाक्यांतही अर्धा-अर्धा लिटर जाऊ द्या, त्यांच्या गेट व्हॉल्व्हसाठी.

तुमच्या २२ फुटीला दोन गॅलन पाइपांना आणि तिसरा गॅलन मोऱ्यांना असा हिशेब धरा.

आणि गीझरच्या बटणावर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत लिहा : 'पाणी नाही, हात लावू नये.' आमच्या ह्यांनी एका मार्चमध्ये उत्साहाने ते बटण दाबलं. रिकाम्या टाकीत विजेची कॉइल जळायला मिनिटही लागत नाही. ते अजून म्हणतात, 'मी फक्त बघत होतो.'

प्रश्न : गुलाबी अँटीफ्रीझ की हवा? आमच्यात यावरून रोज वाद. नवरा म्हणतो, टायरमध्ये हवा भरायचा आपला छोटा पंप लावू आणि पाणी फुंकून काढू, पैसे कशाला घालवायचे! – एक वाचक, कोलंबस, ओहायो

उत्तर : पद्धती दोन्ही बरोबर आहेत, पंप चुकीचा आहे. टायरच्या पंपाकडे दाब भरपूर असतो, पण हवा थोडी. पाणी ढकलायला हवेचा लोंढा लागतो, नाहीतर हवा पाण्याच्या डोक्यावरून निघून जाते आणि पाणी खालीच बसून राहतं. टाकीवाला कंप्रेसर मिळाला तर घ्या, रेग्युलेटर ४० पीएसआयवर ठेवा, ५० च्या वर जाऊ नका. होज जोडायच्या तोंडाला लावायचं स्वस्त ब्लो-आउट प्लग मिळतं. हवा सोडण्याआधी आत कुणीतरी एक नळ उघडा धरलेला असला पाहिजे. मग एक बंद, दुसरा चालू, असं सगळ्यांवरून दोन-तीन फेऱ्या.

हवेचा फायदा, वसंतात पाइप धुवायला लागत नाहीत. तोटा, काम पूर्ण झालं की नाही हे दिसत नाही. मला डोळ्यांनी दिसलेलं पाहिजे, म्हणून मी गुलाबीवाली. नवऱ्याला सांगा, हवेने केलंत तरी पंपात आणि मोऱ्यांत अँटीफ्रीझ घालावंच लागतं. एक कॅन कुठे चुकत नाही.

प्रश्न : ट्रेलरमध्ये छोटा इलेक्ट्रिक हीटर हिवाळाभर लावून ठेवला तर या सगळ्यातून सुटका होईल का? – एक वाचक, सिराक्यूज, न्यूयॉर्क

उत्तर : जोपर्यंत वीज आहे तोपर्यंत. शिवाय हीटर खोली गरम करतो, जमिनीखालचे पाइप नव्हे. आणि कुणी नसताना आत हीटर चालू ठेवायचा, हे मला तरी झोपू देणार नाही.

प्रश्न : डब्यावर 'उणे ५०' छापलंय. गॅरेजमध्ये उरलेला कॅन उणे २५ सेल्सिअसला बर्फाच्या गोळ्यासारखा झाला. फसवलं का आम्हाला? आणि गाडीच्या रेडिएटरचं हिरवं अँटीफ्रीझ घरात पडून आहे, ते वापरलं तर? आमच्याकडे डोंगरावरून येणाऱ्या उबदार चिनूक वाऱ्याने एका दिवसात वीस अंश चढतात आणि पुन्हा पडतात, त्याने काही बिघडतं का? – एक वाचक, कॅल्गरी

उत्तर : हिरवं आधी. त्या कॅनला ट्रेलरमध्ये पाऊलही ठेवू देऊ नका. त्यात एथिलीन ग्लायकॉल असतं, ते विष आहे, आणि चवीला गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. ज्या नळाने उन्हाळ्यात तुम्ही मुलाची बाटली भरणार, त्या नळात ते नको. तुम्हाला हवं ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, कॅनवर आरव्ही (चाकांवरच्या घरांसाठीचं) असं स्वच्छ लिहिलेलं. काही स्वस्त कॅनमध्ये अल्कोहोल मिसळलेलं असतं. ते पेटतं आणि रबरी वॉशर सुकवतं, म्हणून लेबल वाचून घ्या.

फसवणूक नाही. एक तर ते उणे ५० फॅरनहाइट आहे, म्हणजे साधारण उणे ४६ सेल्सिअस. आणि तो आकडा पाइप फुटण्यापासून वाचवण्याचा आहे, पातळ राहण्याचा नव्हे. त्याच्या फार आधीच ते बर्फाच्या गोळ्यासारखं भुसभुशीत होतं. पाणी गोठलं की दगड होतो आणि तो पाइपाला आतून रेटतो. ग्लायकॉलचा हा लगदा मऊ असतो, जागा मिळेल तिकडे सरकतो. कॅन हलवून बघितलात तर हातालाच फरक कळेल.

यात एक मेख आहे. पाइपात आधीचं पाणी राहिलं तर अँटीफ्रीझ पातळ होतं आणि डब्यावरचा आकडा डब्यावरच राहतो. त्यात पाणी घालून पुरवठ्याला आणणारेही पाहिलेत मी, आमटी वाढवल्यासारखं. तसं करू नका.

चिनूकने अँटीफ्रीझला काही होत नाही. पण त्या दोन उबदार दिवसांत 'जरा हात धुऊ' म्हणून कुणी नळ सोडला तर सगळी मेहनत वाया. घरात सांगून ठेवा.

प्रश्न : गेल्या ऑक्टोबरमध्ये व्हिडिओ बघून सगळं नीट केलं. प्रत्येक नळाला गुलाबी आलं, टॉयलेटलाही. तरी एप्रिलमध्ये पाणी जोडलं तर टॉयलेटच्या मागे ओल. मेकॅनिक म्हणतो टॉयलेट बदला. काय चुकलं असेल? – एक वाचक, ग्रँड रॅपिड्स, मिशिगन

उत्तर : पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी पैजेवर सांगते : टॉयलेटला धुण्याचा जेट स्प्रे लावलाय ना?

तो कुठल्याही व्हिडिओत नसतो, कारण व्हिडिओ करणाऱ्यांच्या ट्रेलरमध्ये तो नसतो. आपण मात्र ट्रेलर घरी आणला की पहिल्या आठवड्यात टॉयलेटच्या पाइपाला टी लावून जेट बसवतो. तुम्ही पेडल दाबलंत, बाउलमध्ये गुलाबी आलं, तुम्हाला वाटलं झालं. जेटचा खटका कुणीच दाबला नाही. त्याच्या लवचिक नळीत आणि मुठीत साधं पाणी तसंच राहिलं.

मला हे कसं माहीत? २०१५ साली मी हेच केलं. वसंतातली पहिली सहल, सुपीरियर सरोवराच्या काठाने गूसबेरी फॉल्सकडे. कॅम्पग्राउंडचा होज जोडला, नळ सोडला आणि शेजारच्या बाईंशी बोलत बाहेर उभी राहिले. वीस मिनिटांनी आत गेले तर न्हाणीघराच्या उंबऱ्यावरून पाणी चालत बाहेर येत होतं. जमिनीची फळी फुगली, ती आजतागायत तिथे पाय टाकला की मऊ लागते. जेटचा खटका वरून शाबूत होता. त्या खालच्या टीला, नटच्या अगदी बुडाशी, केसाएवढी चीर. टॉर्च मारून दिसेना. शेवटी टिश्यू पेपर सगळ्या सांध्यांवरून एकेक करत फिरवला, आणि एका जागी तो काळपट ओला झाला. बोटाने चाचपलं तेव्हा नखाला चीर लागली. पाइप-बॉयलरच्या नोकरीत जन्म काढलेली मी, आणि चार डॉलरच्या टीने मला पाण्यात पाहिलं.

तेव्हा टॉयलेट बदलायच्या आधी हे करा. होज काढा, टाकीत थोडं पाणी घ्या, सगळे नळ बंद ठेवून पंप सुरू करा. दाब भरला की पंप गप्प बसला पाहिजे. थोड्या थोड्या वेळाने तो आपोआप 'घुर्र' करत असेल तर कुठेतरी गळती आहेच. मग टीपासून टिश्यू फिरवायला लागा. टी पितळेचा घ्या. आणि या ऑक्टोबरमध्ये जेट बादलीत धरून गुलाबी येईपर्यंत खटका दाबा, किंवा सरळ नळीसकट काढून घरात आणा आणि टीच्या तोंडाला टोपी लावा. मी काढूनच आणते.

प्रश्न : मावशी, मी नवीनच नोकरीला लागलोय. आई-बाबा साताऱ्याहून येताहेत, जानेवारीत त्यांना ट्रेलरने टेक्सासच्या समुद्रकिनाऱ्यावर न्यायचंय. निघताना इथे उणे २० असेल. पाणी भरून निघालो तर वाटेत गोठेल, न भरता निघालो तर आईची पंचाईत. काय करू? – मिनियापोलिस

उत्तर : अरे, ट्रेलर गुलाबीच ठेव आणि नीघ. टॉयलेट वापरायला नळाचं पाणी लागत नाही. पिण्याचे आणि धुण्याचे कॅन गाडीत, हीटरजवळ ठेव, ट्रेलरमध्ये नको. टॉयलेटमध्ये पाण्याऐवजी मगभर अँटीफ्रीझ ओतायचं. आईला आधीच सांग, पाणी गुलाबी का आहे ते, नाहीतर बिचारी घाबरेल. आणि तांब्या द्यायला विसरू नको, जेट बंद आहे.

आय-३५ तुला थेट खाली नेईल. दिवसाचं ऊन बघून फसू नको, मुक्कामाच्या रात्रीचा अंदाज बघ. पुढच्या चार-पाच रात्री शून्याच्या बऱ्यापैकी वर दिसल्या की पाणी सोड. बहुतेक टेक्सासात शिरल्यावरच. आधी बायपास तसाच ठेवून पाइप धुऊन काढ. फेस येईल, गोडसर चव लागेल, दोन्ही जाईपर्यंत नळ वाहू दे. मग गीझर पुन्हा लाइनवर घे, बूच नीट बसवलंय का ते बघ, आणि पाणी पूर्ण भरून गरम नळाला सलग धार येईपर्यंत गीझरचं बटण दाबू नको. ट्रेलर महिनोन्महिने उभा होता म्हणून टाकीत वास नसलेलं साधं ब्लीच घाल : १५ गॅलनला पाव कप. प्रत्येक नळाला ब्लीचचा वास येईपर्यंत सोड, रात्रभर ठेव, सकाळी ओतून टाक आणि स्वच्छ पाण्याने धुऊन घे.

येताना हेच उलट करायचंय, म्हणून अँटीफ्रीझचे तीन कॅन बरोबर असू दे. आणि टेक्सासातही पूर्ण निर्धास्त राहू नको. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथली घरंच्या घरं पाइप फुटून ओली झाली होती.

प्रश्न : पुण्यात मित्राने कॅम्परव्हॅन तयार करून घेतलीय. आत सिंक, ६० लिटरची टाकी, गीझर. जानेवारीत स्पितीला जायचा बेत आहे. अँटीफ्रीझ घालून नेऊ का? – एक वाचक, पुणे

उत्तर : घालून न्यायचं कशाला? पुण्यातच सगळं रिकामं करा, मोऱ्यांत मात्र कपभर प्रॉपिलीन ग्लायकॉल असू द्या. किन्नौरनंतर ती टाकी, सिंक आणि गीझर हे फक्त फर्निचर आहे असं समजा. जानेवारीत स्पितीतल्या काझा गावाला रात्री पारा उणे २० च्या खाली उतरतो. तिथल्या घरांतलेही नळ त्या दिवसांत बंद असतात, लोक बादलीने पाणी आणतात आणि कोरडे संडास वापरतात. तुम्हीही होमस्टेत राहा, ते सांगतील तसं करा. थर्मासमध्ये गरम पाणी, आणि पिण्याच्या बाटल्या रात्री रजईत घ्या. पाण्यापेक्षा डिझेलची काळजी जास्त करा, मैदानातलं डिझेल तिथे घट्ट होऊन गाडी सकाळी उठत नाही. वर चढताना टाकीत तिकडच्या पंपावरचंच डिझेल असू द्या.

मनालीकडची कुंझुम खिंड त्या दिवसांत बंद, त्यामुळे जाणं-येणं दोन्ही शिमल्याच्या बाजूनेच. आंघोळ परतीच्या वाटेवर, किन्नौरमधल्या रेकाँग पिओला, हॉटेलच्या गीझरखाली.